मिलोसवर एक दिवस, एटीव्हीवर

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी जूनमध्ये ग्रीसच्या मिलोस बेटावर जाणार आहोत. एका दिवसात एटीव्हीने (हँडल असलेली चार चाकांची छोटी उघडी गाडी) काय पाहून होईल? आपला परवाना तिथे चालतो का?

उत्तर : नुसता भारतीय परवाना पुरत नाही. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो एक वर्ष चालतो. गाडी उजव्या बाजूने चालवायची आणि हेल्मेट गाडीवरच्या दोघींनीही घालायचं. दोन गाड्या पुरतील.

आम्हीही चौघीच होतो. आदामास बंदरातून सकाळी सातला निघालो ते थेट साराकिनिकोला. ज्वालामुखीच्या राखेचा तो पांढराशुभ्र दगड, वाऱ्या-लाटांनी गुळगुळीत झालेला, आणि मधूनच निळ्या पाण्याची चिंचोळी खाडी. माझी मैत्रीण तिथे अर्धा तास एक शब्द बोलली नाही. तिथे सावलीचं झाड नाही, म्हणून सकाळचीच वेळ साधा. दुपारी तो दगड डोळ्यांवर येतो.

मग वारा पाहून ठरवा. उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो, तेव्हा दक्षिणेचा पालिओहोरी किनारा शांत असतो. तिथली वाळू जमिनीतल्या उष्णतेने काही ठिकाणी चटका देते, चपला काढू नका.

परतताना क्लिमा. पाण्याला टेकलेली कोळ्यांची घरं, खाली होड्यांसाठी जागा, रंगीत दारं. याच गावाजवळच्या शेतात 1820 मध्ये मिलोसची व्हीनस सापडली. मूर्ती आता पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. सूर्यास्त प्लाकाच्या टेकडीवरून बघा.

पश्चिमेच्या कच्च्या रस्त्यांवर मात्र जाऊ नका. अनेक करारांत तिथे विमा लागू नसतो, सही करण्याआधी ती अट वाचा.