कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर जलरंग: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला

निसर्गचित्राच्या सबमिशनसाठी कागद ३०० जीएसएमचाच (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) घे. पातळ कार्ट्रिजवर (रेखाटनाच्या साध्या कागदावर) पहिल्याच वॉशला, म्हणजे पाणीदार रंगाच्या थराला, फुगवटे येतात आणि रंग खळग्यात साचतो. महाग वाटत असेल तर पूर्ण शीटचे चार तुकडे कर. साधारण ११ × १५ इंचांचा एक पडतो, शिकायला तेवढा पुरे. ब्रश दोनच: १२ नंबरचा गोल आणि एक इंची चपटा. पाण्याची भांडी मात्र दोन हवीत, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ.

घाटावर सकाळी लवकर बस. आधी सावल्यांच्या कडा पेन्सिलीने बांधून घे, कारण दोन तासांत त्या सरकतात आणि मग चित्रात दोन सूर्य असल्यासारखं दिसतं. दगडाला ट्यूबमधला काळा लावू नकोस, मेलेला दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळ: निळा वाढवला की सावलीतला थंड करडा, सिएना वाढवला की उन्हातला. वर तिसरा-चौथा रंग घातलास की चिखल झालाच म्हणून समज. पाणी चमकतं तिथे कागद कोरा सोड.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती अर्धवट सुकलेल्या वॉशवर पुन्हा ओला ब्रश लावल्याने. नवं पाणी रंग बाजूला ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उठतात. कागदावर ओली चमक आहे तोवरच हात चालव. चमक गेली की पूर्ण सुकेपर्यंत थांब. पावसाळ्यात इथे वॉश सुकता सुकत नाही, तेव्हा रेखाटनांवर भर दे.

टाउन हॉल म्युझियममध्ये चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत, ती एकदा वही घेऊन बघ. कुठली कड धारदार, कुठली धूसर, एवढंच टिपून आण.