आमच्या ओपन सोर्स प्रकल्पात डिझायनर येतात, पण टिकत नाहीत. काय करावं?

मी डिझायनर आहे आणि अशाच, कोड सगळ्यांसाठी खुला असलेल्या एका प्रकल्पातून दोन महिन्यांत बाहेर पडले होते, म्हणून प्रश्न वाचल्या वाचल्या लिहायला बसले.

मराठी स्क्रीन तपासताना मला दिसलं की ‘पूर्ण करा’ या बटणावर ‘पू’चा ऊकार खालून कापला जातोय आणि ‘र्ण’वरचा रफार वरच्या कडेला टेकलाय. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांवरून ठरवलेली होती. मी स्क्रीनशॉटवर रेघा मारून वर-खाली किती जागा हवी ते दाखवलं. त्यावर एकच उत्तर आलं, ‘पॅच कुठे आहे?’ म्हणजे दुरुस्तीचा तयार कोड कुठे आहे. मला कोड येत नव्हता. तीन आठवड्यांनी तो इश्यू, म्हणजे मी नोंदवलेली तक्रार, ‘किरकोळ’ म्हणून बंद केला. माझी मापं कोणी उघडूनही पाहिली नाहीत, याचं फार वाईट वाटलं.

तेव्हा पहिलं काम हे करा: असा इश्यू आला की तो कोडमध्ये उतरवायला एक प्रोग्रामर नेमून द्या आणि नव्या आवृत्तीसोबतच्या रिलीज नोट्समध्ये दोघांचीही नावं घाला. गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवायचं साधन, शिकण्याची अट नको. पेनपॉट हे डिझाइनचं साधन स्वतःच ओपन सोर्स आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं. फाइलची लिंक पुरते.

डिझायनरला बोलवायचं ते फीचर ठरत असतानाच. सगळं बांधून झाल्यावर ‘जरा छान दिसेल असं कर’ म्हटलं, की तिच्या हाती फक्त रंग उरतात. ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर बघा. ॲमस्टरडॅममध्ये त्यांचे कलाकार आणि प्रोग्रामर मिळून ॲनिमेशनपट बनवतात. पहिला 2006 साली आला. शॉट करताना कलाकार जिथे अडतो, ते प्रोग्रामरला तिथेच कळतं. जुलै 2019 मधल्या 2.80 आवृत्तीत तर त्यांनी वर्षानुवर्षांची उजव्या क्लिकने निवडायची पद्धत बदलून डावी क्लिक मूळ सेटिंग केली. जुन्यांसाठी उजवीचा पर्याय ठेवला, पण नव्या माणसाचा हात सहज जिथे जातो, त्याला मान दिला.

आणि अखेरचा शब्द कोणाचा, हे चर्चेआधीच ठरवा. रंगावर, आयकॉनवर प्रत्येकाला मत असतं. चाळीस प्रतिक्रियांना एकटीने उत्तरं देऊन माणूस थकतो.

तुमच्या प्रकल्पाचं मराठी भाषांतर झालं असेल तर लिंक द्या. स्क्रीन तपासून मापांसकट पाठवते.