गंगापूर धरणावर शिवडा मासा पकडायला गळाला स्टीलची तार लावतो, पण गाठ सुटते. कशी बांधावी?

एकेरी तारेला गाठ मारूच नका, पीळ द्या. नायलॉनचं आवरण असलेल्या बहुपदरी तारेला इंग्रजी आठच्या आकाराची गाठ चालते. एकेरी कडक तार गाठीत मुडपते आणि तिथेच तुटते. गळाच्या नेढ्यातून ओवून दोन्ही पदर एकमेकांभोवती ५-६ वेळा सारखे पिळा. एकच पदर दुसऱ्यावर गुंडाळला गेला तर तो घसरतो, बहुतेकांचं इथेच चुकतं. मग टोकाचे ४ वेढे मूळ तारेभोवती काटकोनात, चिकटून. टोक कापू नका, मागेपुढे हलवून मोडा. कापलेलं टोक हात चिरतं. बहुपदरी तार नेढ्यातून ओवा, मूळ तारेमागून वळवून नेढ्याजवळच्या फासात घाला आणि मोकळं टोक पक्कडीने ओढा. मूळ तार ओढली तर ती कुरळी होते. मरळ माशासाठी मात्र जाड ब्रेडेड (विणलेला) दोरा पुरतो.