पान बघून वाढ

प्रिय मित्रा,

तुझी यादी मिळाली. एकतीस अल्बम. चौदा रॉकचे, आठ सोलचे, नऊ जॅझचे, आणि जवळजवळ प्रत्येकापुढे 'कमाल', 'मस्ट', 'वेड लागेल'. एकतीस वेळा वेड लागायचं तर मी येरवड्याला खाट अडवूनच ठेवते.

चिडू नकोस. पुढच्या महिन्यापासून आपल्या रविवारच्या बैठकीत काय वाजवायचं ते तू ठरवणार, हे मीच सगळ्यांना सांगितलंय आणि मला त्याचा आनंद आहे. वीस-बावीस वर्षं मी ते केलं. आता माझा कान नव्या गोष्टींकडे जरा उशिराच वळतो, तुझा पटकन वळतो. पण यादी वाचताना सारखं वाटत होतं की तू कोणासाठी निवडतोयस ते तुलाच ठाऊक नाही.

लग्नाच्या पंगतीत दोन तऱ्हेचे वाढपी असतात. एक जिलब्यांची परात घेऊन सुटतो. पानात काय आहे, काय नाही, त्याला देणंघेणं नसतं, परात रिकामी झाली की काम झालं. दुसरा जरा वाकतो. या आजींनी गोडाला हात लावलेला नाही, याचा मसालेभात संपलाय, तो पोरगा लाजतोय पण त्याला अजून मठ्ठा हवाय, हे त्याला दिसतं. आग्रह दोघंही करतात. लक्षात मात्र दुसराच राहतो.

मी कितीतरी वर्षं परातवाली होते. अगदी सुरुवातीच्या एका रविवारी मी अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं 'असेन्शन' लावलं. 1965 च्या जूनमध्ये अकरा वादकांनी एका दिवसात केलेलं ध्वनिमुद्रण, चाळीस मिनिटांच्या आसपास, जवळजवळ अखंड. सगळे एकदम वाजवतात, मग एकेक जण बाहेर येतो, पुन्हा सगळे तुटून पडतात. मला आजही त्यानं काटा येतो. पण त्या दिवशी समोर कोण होतं? जॅझ म्हणजे काय ते बघू म्हणून आलेली दोन जोडपी, आणि एक निवृत्त मास्तर, ज्यांना हिंदी सिनेमाच्या गाण्यांतला सॅक्सोफोन आवडायचा. बाराव्या मिनिटाला एका बाईंनी पर्स मांडीवर घेतली. विसाव्या मिनिटाला दोघं नवराबायको घड्याळात बघत होते. मी मनात म्हटलं, यांना कळत नाही.

ती जोडपी पुन्हा आली नाहीत. मास्तर आले, भला माणूस. पण पुढे वर्षभर दारात 'आज ते कुत्र्यांचं भांडण नाही ना?' असं विचारल्याशिवाय चप्पल काढायचे नाहीत.

मास्तरांसाठीचं दार अगदी समोर होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'ची गाणी, 1951 ची, त्यांना तोंडपाठ. रामचंद्रांचा साहाय्यक होता गोव्याचा चिक चॉकलेट. दिवसा सिनेमाच्या वाद्यवृंदात आणि रात्री मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवणारा, लोक त्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, अमेरिकेतल्या बड्या जॅझ ट्रम्पेटवाल्याच्या नावानं. म्हणजे 'अलबेला'वरून चिक चॉकलेट, तिथून आर्मस्ट्राँगच्या 1920 च्या दशकातल्या 'हॉट फाइव्ह' या चमूच्या छोट्या छोट्या रेकॉर्डी. दोन पायऱ्या, त्याही घरच्याच. मास्तर त्या सहज चढले, आणि दुसऱ्या वर्षी आपणहून माझ्याकडे 'आणखी काय आहे?' म्हणून आले. माझी परात तेव्हा खाली ठेवली गेली.

आता तुझ्या वयाच्या गोष्टीकडे येते. 2021 साली 'प्रॉमिसेस' आला: फ्लोटिंग पॉइंट्स हा इलेक्ट्रॉनिक संगीतकार, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि सॅक्सोफोनवर फॅरो सँडर्स. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे. तुझ्या यादीत तो आहे, आणि पुढे लिहिलंयस: 'इलेक्ट्रॉनिक, अॅम्बियंट, स्पिरिच्युअल जॅझ'. हे लेबल झालं. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका मल्लिकार्जुन मन्सूरांच्या पलीकडे काही ऐकत नाहीत. त्यांना या लेबलाचं काय करायचं? मी त्यांना एवढंच सांगितलं की सात सुरांची एक लहानशी आकृती सुरुवातीपासून पुन्हा पुन्हा येत राहील, तिला तानपुरा समजा. आणि सॅक्सोफोन काय सांगतो त्यापेक्षा तो मध्ये किती थांबतो ते बघा.

डोळे मिटून बसले. चौथ्या भागात सँडर्स वाद्य बाजूला ठेवून नुसत्या तोंडानं काहीतरी पुटपुटतात, शब्द नाहीत, सूरही धड नाहीत. काका एकदम सरळ बसले. म्हणाले, 'अरे, हा स्वतःशी बोलतोय.' सहाव्या भागात तारवाद्यं भरून येतात तेव्हा त्यांची मान हलत होती. एकूण सेहेचाळीस मिनिटं. शेवटी सगळं विरतं, बराच वेळ काही नाही, मग क्षणभर तारवाद्यं पुन्हा उठतात. तेही गेल्यावर विचारलं, 'या माणसाचं अजून काही आहे?'

या प्रश्नासाठीच हा सगळा खटाटोप असतो. त्याचं उत्तर मात्र आपल्या खिशात तयार पाहिजे. मी त्यांना पन्नास वर्षं मागे नेलं, अॅलिस कोल्ट्रेनच्या, म्हणजे जॉनच्या पत्नीच्या, 1971 च्या 'जर्नी इन सच्चिदानंद'कडे. त्यात खराखुरा तानपुरा आहे, अॅलिसबाईंची हार्प आहे, आणि सॅक्सोफोनवर तेच सँडर्स, तिशीतले. नव्या अल्बमचं एक टोक नेहमी जुन्या अल्बमात अडकलेलं असतं. ते शोधायचं तर कोण वाजवतंय ते वाच.

हे मी मुद्दाम सांगते, कारण फोनवर गाणं लागतं तेव्हा गायकाचं नाव तेवढं दिसतं, बाकीचे कुठेतरी तीन टिंबांच्या आत. ही खोड जुनीच आहे म्हणा. अमेरिकेतल्या मोटाऊन या सोल संगीताच्या कंपनीनं 1960 च्या दशकात एकामागून एक हिट गाणी काढली, त्यांतल्या कितीतरींवर बेस वाजवणारा माणूस एकच, जेम्स जेमर्सन. कव्हरवर त्याचं नाव नसायचं. ते आलं 1971 मध्ये गायक मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर, तिथे पहिल्यांदा कंपनीच्या त्या ठरलेल्या वादकांची नावं छापली. मालक बेरी गॉर्डीला शीर्षकगीत आधी पसंतच नव्हतं. ते गाणं सुटं, सिंगल म्हणून, खपलं तेव्हा पुढचा अल्बम झाला. तो ऐकवशील तेव्हा शब्दांबद्दल कमी बोल. म्हणावं, पहिलं गाणं तीनदा ऐका. एकदा सुरुवातीच्या त्या सॅक्सोफोनसाठी: तो वादक नुसता हात मोकळा करत होता, गेनं तेवढंच ठेवलं आणि त्याला घरी जायला सांगितलं. एकदा गेच्या दोन आवाजांसाठी: दोन वेगवेगळी गायनं चुकून एकदम वाजली, ती त्याला इतकी आवडली की तशीच राहिली. आणि एकदा फक्त जेमर्सनसाठी, बाकी सगळं विसरून. तिसऱ्या वेळी माणसाच्या चेहऱ्याकडे बघत बस. आणि हो, त्या अल्बममध्ये एक गाणं दुसऱ्यात ओततं, तेव्हा शफल बंद आहे का ते बघ. मागे एकदा आपल्याकडेच चालू राहिलं होतं. कोणाकडून ते तुला माहीत आहे.

तुझ्या यादीत एकापुढे 'रेडिओहेड आणि बिली हॉलिडे यांचं मिश्रण' असं आहे. ज्याला दोघंही माहीत नाहीत त्याला काही कळलं नाही, ज्याला दोघंही माहीत आहेत त्याला विश्वास बसला नाही. त्यापेक्षा आत काय घडतं ते सांग. 'ब्लॅक कंट्री, न्यू रोड'चा 'अँट्स फ्रॉम अप देअर' तू नुसता 'इंडी मास्टरपीस' म्हणून सोडलायस. मी असं सांगेन: रॉक बँड आहे, पण व्हायोलिन आणि सॅक्सोफोन गिटारइतकेच पुढे आहेत. गायक गाताना कधीही रडेल असं वाटतं. अल्बम 2022 च्या फेब्रुवारीत आला आणि त्याच्या चार दिवस आधी गायकानं बँड सोडला. उरलेल्यांनी ती गाणी मंचावर न वाजवता नवीन लिहिली. शेवटचं गाणं बारा मिनिटांच्या पुढे जातं, ते आधी कोणाला ऐकवू नकोस, बाकीचं ऐकून झाल्याशिवाय ते लागत नाही. जमलं? यात 'मास्टरपीस' कुठे आलं नाही.

कंटाळवाणं आहे ते कंटाळवाणं आहे हेही सांग. सॅक्सोफोनवाल्या कमासी वॉशिंग्टनचा 2015 चा 'द एपिक' माझा लाडका आहे. तीन तबकड्या, जवळजवळ तीन तास. अख्खा कुणालाही देत नाही. पहिली तबकडी देते आणि म्हणते, पुढे तुमची मर्जी. लोकांचा पुढच्या वेळी माझ्यावर विश्वास बसतो.

नवेपणाचं काय करायचं? 2015 च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात, आणि तुझे निरोप शुक्रवारी रात्रीच येतात हे मी हेरलंय. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये 'सॉल्ट' या लंडनच्या, चेहरा न दाखवणाऱ्या मंडळींनी एका दिवशी पाच अल्बम सोडले, तेही परवलीच्या शब्दाच्या कुलपात, फुकट. रविवारपर्यंत लोक पाचांची क्रमवारी लावून मोकळे. कधी ऐकले? जेवताना? तू नियम कर: तीन आठवडे, किमान तीनदा, त्यातलं एकदा दुसरं काहीही न करता. तिसऱ्यांदा ऐकताना जे उरतं तेच दुसऱ्याला दे. तुझ्या एकतीसातले सहा-सात राहतील, बघ. आणि नवं म्हणजे कोणासाठी नवं? अमेरिकन सोल गायक चार्ल्स ब्रॅडली कित्येक वर्षं जेम्स ब्राउन या नामांकित गायकाची नक्कल करून पोट भरत होता; त्याचा स्वतःचा पहिला अल्बम 2011 मध्ये आला तेव्हा तो बासष्ट वर्षांचा होता. आपल्या ग्रुपातल्या साठीच्या मंडळींना तो कालच्या शुक्रवारच्या कुठल्याही पोरापेक्षा नवा वाटेल.

बक्षिसांवर फार जाऊ नकोस, टाकूनही देऊ नकोस. 'एझ्रा कलेक्टिव्ह'ला ब्रिटन-आयर्लंडमधल्या उत्तम अल्बमसाठीचं 2023 चं मर्क्युरी पारितोषिक मिळालं, जॅझ वाजवणाऱ्यांना ते पहिल्यांदाच. मी जरा नाक मुरडूनच लावला तो अल्बम, तर आपल्या वैद्यबाई खुर्ची सरकवून नाचायला लागल्या. माझं नाक जागेवर आलं.

आणि 'ऐकलंस का? ऐकलंस का?' विचारू नकोस. एकदा दिलं, विसरून जा. ऐकलं नसेल तर माणूस खोटं बोलतो आणि तुला टाळायला लागतो. ऐकलं असेल आणि आवडलं नसेल, तर का ते नीट ऐकून घे, वाद घालू नकोस. तुझ्याकडच्या माहितीतली सगळ्यात कामाची माहिती ती.

मास्तरांचं अजून एक राहिलं. आर्मस्ट्राँगनंतर दोनेक वर्षांनी त्यांनी माझ्याकडून जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू' नेलं, 1959 चं, माझी जुनी एलपी. पंधरा दिवसांनी परत आणली. म्हणाले, सुंदर आहे, पण बाई, दुसरी बाजू माझ्या पेटीला बरोबर लागते, पहिली लागत नाही. किंचित चढी आहे. मी हसले. म्हटलं, पेटी ट्यून करून घ्या. नंतर कुठेतरी वाचनात आलं: पहिल्या दिवशी, 2 मार्चला, स्टुडिओतलं ध्वनिमुद्रणाचं टेप यंत्र जरा हळू फिरत होतं, त्यामुळे ती टेप नेहमीच्या वेगानं वाजवली की त्या दिवसाची तीन गाणी, म्हणजे अख्खी पहिली बाजू, रेकॉर्डवर जरा वेगानं आणि चढ्या सुरात वाजते. दुसरी बाजू 22 एप्रिलची, ती ठीक. चूक दुरुस्त झाली 1992 च्या आवृत्तीत. मी ती एलपी तेव्हा वीस वर्षं ऐकत होते. मला कधी लागलं नव्हतं. आणि 'यांना कळत नाही' असं मी ज्यांच्याबद्दल म्हटलं होतं, त्यांत हे कानसेन बसले होते.

येत्या रविवारी एकच अल्बम आण. कोणता ते मला आधी सांगू नकोस. मास्तर येणार आहेत. हल्ली त्यांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं, तेव्हा त्यांची खुर्ची उजव्या भिंतीलगत ठेव, म्हणजे डावा कान स्पीकरांकडे येईल. आणि चहा त्यांना बिनसाखरेचा.

तुझी,
मावशी