रानवाटेवर चालणारा, पण अनुभवी स्वारच लागणारा घोडा विकायचा आहे. योग्य माणूस कसा शोधावा?

जाहिरातीत नुसतं 'अनुभवी स्वार हवा' लिहून उपयोग नाही. रिंगणात वर्षभर शिकलेला माणूसही स्वतःला अनुभवी समजतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खोटं नसतं. म्हणून घोडा नेमकं काय करतो ते लिहा. कशाला बुजतो? बुजल्यावर बाजूला उडी मारून थांबतो की उधळतो? सोबतचा घोडा पुढे गेला तर अस्वस्थ होतो का? एकट्याला तबेल्यापासून दूर न्यायला अडतो का, परतीच्या वाटेवर ओढतो का, वाहत्या पाण्यात उतरतो का? दुगाण्या झाडणं, चावणं किंवा मागच्या पायांवर उभं राहणं एकदाच घडलं असलं तरी लिहायलाच हवं.

मग स्वाराकडून काय हवं तेही तितकंच स्पष्ट लिहा. लगामाला न लोंबकळता तोल सांभाळणारी बैठक, हलका हात, आणि उधळू पाहणाऱ्या घोड्याला आधी मोठ्या वर्तुळात घेऊन ते वर्तुळ हळूहळू लहान करत थांबवण्याची सवय. भरधाव घोड्याचं तोंड एका झटक्यात वळवणारा माणूस त्याला आणि स्वतःला पाडेल. आठवड्यातून किती दिवस बसणार हे जरूर विचारा. तरतरीत घोडा पाच दिवस बांधून ठेवून सहाव्या दिवशी डोंगरावर नेला, तर उत्तम स्वारालाही त्रास देतो.

पण जाहिरातीआधी दुखणं तपासा, कारण 'हट्टी' म्हणवले जाणारे बरेच घोडे दुखण्यापायी तसे वागत असतात. दाढांच्या धारदार कडा गालाला टोचत असतील तर लगाम खेचताच डोकं झटकतो. खोगीर खांद्यावर दाबत असेल तर उतारावर बिथरतो. एकाच बाजूच्या वस्तूंना बुजत असेल तर त्या बाजूचा डोळा दाखवा. खूर, पाठ आणि जठरातले व्रणही पशुवैद्यांकडून बघून घ्या. काम कमी आणि चंदी (दाण्याचा खुराक) जास्त असेल तर तीही कमी करून दोन-तीन आठवडे फरक पाहा.

फुकट देऊ नका. फुकटचा घोडा नेऊन लगेच पुढे विकणारे असतात, आणि तिथून तो कुठे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. वाजवी किंमत मागा. घेणाऱ्याच्या पशुवैद्याशी आणि नालबंदाशी बोला, जागा स्वतः पाहा: कुंपण, पाणी, सोबतीला दुसरा घोडा आहे की नाही.

दाखवताना आधी खोगीर चढवून ठेवू नका. कुरणातून पकडणं, खरारा, चारही खूर उचलणं हे सगळं घेणाऱ्यांसमोर होऊ द्या. पहिल्यांदा तुम्ही किंवा तुमचा नेहमीचा स्वार बसा. मग ते बंद रिंगणात बसतील: चाल, दुडकी, कँटर (दुडकीहून वेगवान धाव), थांबणं. ते नीट जमलं तरच सोबतीच्या घोड्याबरोबर बाहेर, आणि एकट्याने बाहेर जाणं दुसऱ्या भेटीत. शिरस्त्राणाशिवाय कुणालाही बसू देऊ नका. बसल्या बसल्या लगाम ताणून टाचा मारणाऱ्याला तिथेच नम्रपणे नाही म्हणा. असा हात या घोड्याला महिन्याभरात बिघडवतो.

विक्रीपूर्व तपासणीसाठी पशुवैद्य घेणाऱ्यानेच निवडावा. पाय मिनिटभर दुमडून धरून लगेच दुडकीवर पळवून लंगडेपणा पाहतात. गुंगीचं औषध दिलेलं नाही हे दाखवण्यासाठी रक्ताचा नमुना घेऊ द्या. शंका तिथेच मिटते.

माझ्या मते सर्वात चांगला मार्ग म्हणजे दोन ते चार आठवडे लेखी करारावर चाचणीला देणं. कोण बसणार, दुखापत झाली तर खर्च कुणाचा, घोडा परत कधी करायचा, हे करारात हवं. विक्रीच्या करारात आणखी एक अट घाला: पुढे विकायचा झाला तर आधी तुम्हाला विचारायचं.

घोडा मुद्दाम माणसावर चालून येत असेल किंवा स्वारासकट मागे कोसळत असेल, तर तो 'अनुभवी स्वारासाठी' नाही. आधी निष्णात प्रशिक्षकाकडे द्या. सुधारणा नसेल तर बिनस्वारीचं निवृत्त आयुष्य, आणि तेही शक्य नसेल तर पशुवैद्यांच्या हातून शांत मृत्यू. अनोळखी माणसाच्या गळ्यात घालण्यापेक्षा हे जास्त प्रामाणिक आहे.

घोडा जाताना त्याचं खोगीर बसत असेल तर तेही द्या. बिटचा (लगामाच्या तोंडात बसणाऱ्या कडीचा) प्रकार आणि माप, लसी, जंतनाशक व नालांच्या तारखा लिहून द्या. आठवडाभराची वैरण आणि चंदी सोबत पाठवा, कारण खाणं एकदम बदललं तर पोटशूळ उठू शकतो. नवीन खाणं ७ ते १० दिवसांत थोडं थोडं वाढवायचं. ५०० किलोच्या घोड्याला रोज साधारण ८ ते १० किलो कोरडी वैरण लागते. दोन-तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळा ठेवावा, पण ते त्याला दिसत राहावेत. पहिल्या आठवड्यात स्वारी नको, हाताने धरून परिसर फिरवून आणावा.