जिरेनियम थंडीने नाही, उबेने गेले

बाल्कनीत सहा जिरेनियमची फुलझाडं, कॅनडातल्या कॅलगरीतला पहिलाच हिवाळा, आणि झाडं कुंडीतून काढून कागदी पिशव्यांत घालून बिल्डिंगच्या तळघरातल्या लॉकरमध्ये हिवाळाभर ठेवायचा बेत. तुमची ही पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. मीही इथल्या दुसऱ्या हिवाळ्यात अगदी हेच केलं होतं आणि आठच्या आठ झाडं घालवून बसले. त्यातलं एक गुलाबी, शेजारच्या आजींनी घर सोडताना माझ्या हातात दिलेलं. त्याची हळहळ अजून जात नाही.

माती कशी झाडायची, पिशवीचं तोंड उघडं का ठेवायचं, ते तुम्हाला ठाऊक असणारच. त्यात शिरत नाही. पद्धत खोटी नाही. आपण जिरेनियम म्हणून आणतो ते खरं तर पेलार्गोनियम, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. जाड खोडात पाणी धरून ठेवतं, म्हणून मातीशिवायही महिनोन्‌महिने तग धरतं. (महाराष्ट्रात तेलासाठी लावतात ते जिरेनियमही पेलार्गोनियमच, फक्त सुवासिक जातीचं.) पण त्याला अंधारी आणि गार जागा लागते, साधारण 7 ते 10 अंश सेल्सिअसची. आपण त्यातलं 'गोठू देऊ नका' एवढंच ऐकतो. मीही तेवढंच ऐकलं होतं.

लॉकरच्या खोलीत तापमान किती असतं, असं मी बिल्डिंगच्या ऑफिसला ईमेल करून विचारलं. उत्तर आलं, तळघर हीटेड आहे, काळजी नसावी. अहो पण किती अंश, असं पुन्हा विचारलं, तर लॉकरमधलं सामान स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावं, या नियमाची प्रत पाठवली. तिसऱ्या ईमेलला उत्तरच नाही. मला फक्त एक आकडा हवा होता. खाली जाऊन बघायला कुणाला पाच मिनिटंही लागली नसती. भाडं एक दिवस उशिरा गेलं तर फोन करणाऱ्या माणसांना एवढं जमू नये, याचा मला आजही राग येतो. तरी मोठी चूक माझीच. दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर आणून आधी आठवडाभर तिथे टांगायला हवा होता. मी तो फेब्रुवारीत टांगला. 21 अंश निघाले.

नाताळच्या सुट्टीत पिशव्या उघडल्या तेव्हा मटकीला मोड यावेत तसे पांढुरके, बोटभर कोंब दिसले. झाडं जगली म्हणून मला आनंद झाला, आणि मी पिशव्या परत तिथेच ठेवल्या. उबेने झाड जागं झालं होतं, पण उजेड नसल्याने अन्न बनवता येत नव्हतं. खोडातला साठा सगळा त्या कोंबांनी खाल्ला. फेब्रुवारीत खोड चिमटीत धरलं तर सुकलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखं हलकं, आणि नखाने खरवडल्यावर आत हिरवं काहीच नाही.

तेव्हा माझं मत असं, आणि मी काही शेतकी शिकलेली नाही, त्यामुळे मत म्हणूनच घ्या: अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याने पिशव्यांच्या फंदात पडू नये. त्यापेक्षा कटिंग घ्या, आणि याच आठवड्यात घ्या, कारण इथे सप्टेंबरच्या मध्यापासून कधीही दहिवर गोठतं. शेंड्याकडचं चार बोटं लांब कटिंग पेराच्या खाली कापा. खालची पानं आणि सगळ्या कळ्या काढा. कळ्या काढताना जीव होत नाही, तरी काढाच. कापलेलं टोक रात्रभर सुकू द्या, मग ओलसर परलाइटमध्ये (मातीऐवजी वापरतात ते पांढरे, हलके दाणे) खोचा. वरून प्लॅस्टिक घालू नका. एखाद्याचं बूड काळं पडलं तर ते परलाइटसकट फेका, वाचवत बसू नका.

मुळं धरली की छोट्या कुंड्यांत, दक्षिणेच्या खिडकीत. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम आठ तासांचा, त्यामुळे फांद्या लांबुळक्या होतात. शेंडे खुडत राहा, जमलं तर वर वीतभर अंतरावर एलईडी दिवा लावा. पाणी मात्र बोट दोन पेरं आत घालून माती कोरडी लागली तरच. घरात मांजर असेल तर कुंड्या उंचावर ठेवा, ही पानं त्यांना बाधतात. आणि सोबत कढीपत्ता असेल तर त्याला यातलं अंधाराचं काही लावू नका, त्याला घरातली सगळ्यात उजेडाची जागा द्या.

पिशव्यांचाच आग्रह असेल तर आधी थर्मामीटर टांगा, आणि आकडा रात्रीचा तसाच दुपारचाही बघा. तो 10 च्या आसपास राहिला तर खुशाल ठेवा. महिन्यातून एकदा मुळं तास-दोन तास पाण्यात बुडवायची, वरचं पाणी निथळलं की परत पिशवीत. 15 च्या वर गेला तर एकही झाड खाली नेऊ नका. जे काही निघेल ते इथे लिहा, मी बघत राहीन.