ट्रॉमा: आघात, जखम की व्रण?

बडोद्याच्या एका ताईंना चर्चमधल्या मराठी मंडळीसमोर ट्रॉमा, हीलिंग आणि ख्रिस्ती श्रद्धा यांवर बोलायचं आहे. 'आघात' आणि 'आरोग्य' हे शब्द चालतील का, असं त्या विचारतात.

'आघात' अर्ध्या कामाला चालेल. आघात बसतो आणि तो क्षण सरतो. ट्रॉमा म्हणताना पुढे वर्षानुवर्षं जे ठसठसतं ते सांगायचं असतं. तिथे सरळ 'जखम' म्हणावं. मूळ ग्रीक 'त्राउमा'चा अर्थही जखमच. बायबलच्या नव्या करारात हे नाम एकदाच येतं, लूक १०:३४ मध्ये. वाटमाऱ्यांनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाच्या जखमांना एक शोमरोनी (समॅरिटन) माणूस तेल आणि द्राक्षारस लावतो, त्या बांधतो. व्याख्यानाची सुरुवात इथूनच करा.

हीलिंगसाठी 'आरोग्य' नको; आरोग्य खात्याचं परिपत्रक वाटतं. 'बरं होणं' सोपं, पण जपून वापरा. मार्क ५:३४ मध्ये येशू रक्तस्रावाने पीडलेल्या बाईला "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे" म्हणतो. लूक ७:५० मध्ये दुसऱ्या एका बाईला "तारले आहे". ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच, 'सोझो'. देह बरा होणं आणि तारण यांत तिथे भिंत नाही. हे उलगडून सांगितलं नाही, तर 'बरी झाले नाही म्हणजे माझा विश्वासच कमी' असं ऐकणारीला वाटेल. आधीच होरपळलेल्या बाईच्या जखमेवर ते मीठच.

मी 'भरून येणं' घेईन. आपण बडोदेकर गुजरातीत 'घा पर रूझ आवी' (जखम भरून आली) रोज ऐकतो. ही 'रूझ' आणि आपलं 'रुजणं' संस्कृत 'रुह्'च्याच घरातली. त्या धातूत उगवणं आणि जखम भरणं, दोन्ही आहेत. आयुर्वेदातलं 'व्रणरोपण'ही त्यातलंच.

आणि 'व्रण'! संस्कृतात व्रण म्हणजे जखम, मराठीत मात्र ती भरल्यावर उरलेली खूण. योहान २०:२५ मध्ये येशूचा शिष्य थोमा याला "खिळ्यांचे व्रण" पाहायचे असतात, आणि पुनरुत्थित ख्रिस्त ते हात पुढे करतो. पुनरुत्थानानेही खुणा पुसल्या नाहीत. ट्रॉमावर लिहिणारे आजचे धर्मचिंतक या प्रसंगाकडे वारंवार वळतात ते यासाठीच.

शीर्षकात 'मनाची जखम' ठेवा. 'ट्रॉमा' एकदा उच्चारायला हरकत नाही, पण इस्पितळावरच्या 'ट्रॉमा सेंटर'च्या पाटीमुळे लोकांना आधी अपघातच आठवतो. तेवढा खुलासा करून पुढे जा.